यंदाच्या हळदीकुंकवात बोलायचा विषय

संक्रांत झाली. आता रथसप्तमीपर्यंत म्युनिकपासून हाम्बुर्गपर्यंत आपल्या घरोघरी हळदीकुंकवाची गडबड असेल. इतक्या बायका एरवी एकत्र जमत नाहीत. म्हणून यंदा तिथे एक विषय काढा: स्तनांचा कर्करोग.

जर्मनीत दरवर्षी सत्तर हजारांहून जास्त स्त्रियांना हा रोग झाल्याचं कळतं. आपल्याकडे मात्र नाव घेतानाही आवाज खाली येतो. ‘तिचं ऑपरेशन झालं’ एवढंच कानावर येतं, कशाचं ते कुणी विचारत नाही.

पहिलं काम पत्र उघडण्याचं. इथे ५० ते ६९ वयाच्या, आनमेल्डुंग झालेल्या प्रत्येक स्त्रीला दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीचं बोलावणं घरी येतं. जुलै २०२४ पासून ७५ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांना ही तपासणी करून घेता येते. क्रांकेनकासे खर्च देते. जर्मन भाषेतलं पत्र बघून ते ‘नंतर वाचू’ म्हणून बाजूला ठेवू नका. तुमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंच्या नावाने आलं असेल, तर बसून त्यांना वाचून दाखवा, टेर्मिनला सोबत जा. तिशीनंतर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वर्षातून एकदा हाताने होणारी तपासणीही विम्यात बसते. आणि न दुखणारी गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त, यांपैकी काही दिसलं तर पत्राची वाट न बघता डॉक्टर गाठा.

हाताच्या तपासणीने काय होतं? मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये वस्त्यांमधून एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. तेव्हा रविवारी गावाकडे फोन लावाल, तेव्हा आईला, मावशीला, काकूला विचारा, ‘तपासून घेतलंस का?’ मॅमोग्राफीचं केंद्र लांब असेल, तर निदान जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगा.

आता पैशांचं. वाणाला माणशी तीन युरो धरले, तर चाळीस बायकांचे १२० युरो होतात. आणखी एक प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी ते पैसे एकत्र करून पाठवता येतील. डॉइचे क्रेब्सहिल्फे ही संस्था डॉ. मिल्ड्रेड शेल यांनी १९७४ मध्ये सुरू केली. फ्राउएनझेल्ब्स्टहिल्फे क्रेब्स १९७६ पासून रुग्ण स्त्रियांना एकमेकींचा आधार देते. करात वजावट हवी असेल तर आपापल्या खात्यातून थेट भरा. ३०० युरोंपर्यंत बँकेची नोंद पुरते. भारतातल्या संस्थेला द्यायचं असेल तर आधी चौकशी करा. जर्मन पासपोर्टवाल्यांची, ओसीआय असलं तरी, आणि आपल्या फेराइनची देणगी भारतीय कायद्याने परदेशी ठरते. एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते.

पण पैसे दिले की जबाबदारी संपत नाही. उपचार चालू असलेल्या मैत्रिणीला ‘तिला नको वाटेल’ म्हणून आपणच बोलवत नाही. नवरा नसलेलीला तर पूर्वीपासूनच टाळलं जातं. यंदा दोघींनाही आवर्जून बोलवा. यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. केमोच्या आठवड्यात वरणभाताचा डबा पोचवा, मुलांना किटामधून आणा, जर्मन कच्चं असेल तर डॉक्टरांकडे सोबत बसा. इथे आई, बहीण, नणंद शेजारच्या गल्लीत नसते. ती जागा आपल्यालाच भरायची आहे.

प्रश्न असतील तर हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्राची माहितीसेवा रोज सकाळी ८ ते रात्री ८ फोनवर मोफत उत्तरं देते. नंबर लिहून घ्या: ०८०० ४२० ३० ४०.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि हा विषय गोड नसला, तरी बोला.