माझं गोंदण कुठं गेलं?

(पलूस इथं महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आधी एक विचारते. तुमच्यापैकी किती जणींचा एकटीचा फोटो घरात भिंतीवर आहे? लग्नातला नाही, रेशनकार्डावरचा नाही. फक्त तुमचा. (चार-पाच हात वर आले.) बघा. आपल्याकडं बाईची फ्रेम भिंतीवर चढते ती बहुतेक वेळा हार घालूनच.

इथून जवळच्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. म्हणजे बाईबद्दल लिहिणं-वाचणं या भागाला नवं नाही. पण बाईच्या चेहऱ्याकडं नीट बघायला मी शिकले ते मुंबईच्या एका माणसाच्या पुस्तकातून. फोटोग्राफी शिकत होते तेव्हा ग्रंथालयात गौतम राजाध्यक्ष यांचं १९९७ सालचं 'फेसेस' हाती आलं. जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून १९८७ पासून ते पूर्णवेळ हेच काम करत होते. २०११ साली ते गेले. दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे सिनेमातले चेहरे त्या पुस्तकात आहेत. मऊ उजेड, चेहरा अगदी जवळ, सगळी नजर डोळ्यांवर. मला पटलं ते वेगळंच. पानावर बाई एकटी आहे. शेजारी नवरा नाही, मांडीवर मूल नाही, तरी पान भरलेलं आहे.

मी ठरवलं, आपल्या बायांचे असे फोटो काढायचे. द्राक्षबागेत घड विरळायला आलेल्या बाया गाठल्या. डोक्याचा टॉवेल काढायला लावला, तोंडं धुवायला लावली, मागं पांढरी चादर धरली. माझ्यापायी त्यांचं काम थांबलं, मुकादम ओरडला, तो त्यांच्यावर. माझ्यावर नाही. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. घरी कॉम्प्युटरवर बसून सुरकुत्या पुसल्या, डाग काढले, रंग उजळवला. हुबेहूब पुस्तकातल्यासारखं जमलं म्हणून मी खूश!

त्यात माझी आत्याही होती. तिला प्रिंट दिली. तिनं लांब धरली, जवळ धरली. म्हणाली, "ही कोन गं?"

"आत्या, तूच की."

"मग माझं गोंदण कुटं गेलं?"

हनुवटीवरचे तीन ठिपके मी डाग समजून पुसले होते! तिच्या आईनं जत्रेत गोंदवून घेतलेले. आईचं तिच्याजवळ तेवढंच उरलंय. आत्या रागावली नाही, प्रिंट उशाखाली ठेवून चहा टाकायला उठली. मला मात्र तो चहा गिळेना.

परत ते पुस्तक काढलं. दोष त्या फोटोंचा नव्हता. सिनेनटीचा चेहरा हे तिचं कामाचं हत्यार. तो देखणा दिसावा असं तिलाच वाटतं, आणि आवडला नाही तर नको म्हणायची तिची ताकदही असते. माझ्या बायांना मी विचारलंच नव्हतं. उजेड उचलला तसा सुंदर कशाला म्हणायचं तेही मी तिथूनच उचललं होतं.

आता उजेड तोच ठेवलाय, खिडकीचा किंवा दाराचा. बाकी बदललं. कामाच्या वेळेत जात नाही. कुठं बसायचं, पदर घ्यायचा की नाही, हे तिनं ठरवायचं. पहिली प्रिंट तिला, आणि ती हो म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. एकीनं तीन महिन्यांनी निरोप पाठवला, फोटो फाडून टाक, घरात भांडण झालं. मी फाडला. चांगला होता हो! अजून हळहळ वाटते.

आणि सगळं सुटलंय असं समजू नका. मागच्या वर्षी एक पोरगी म्हणाली, "ताई, मला गोरी कर." आपण इथं गोरेपणावर एवढं बोलतो! मी तिला समजावलं, मग दोन प्रिंट दिल्या, एक आहे तशी, एक उजळ केलेली. तिनं उजळच भिंतीला लावली. तिचा फोटो, तिची भिंत. मी चूक केली की बरोबर, यावर आपण जेवताना भांडू या.

आत्याचा मी दुसरा फोटो काढला. उंबऱ्यावर बसलीय, डाव्या अंगानं उजेड, गोंदण स्पष्ट. तिनं तो मामांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी टांगलाय, जरा वरच्या खिळ्याला. मुलगा म्हणाला, खाली घे. तिनं घेतला नाही.

कॅमेरा आणलाय. जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात बसते, तिथं उजेड बरा आहे. ज्यांना वाटेल त्यांनी या.