मोळी कोणाची?



दिवाळीच्या आगेमागे माळेगावला, सोमेश्वरनगरला, भवानीनगरला साखर कारखान्यांत गव्हाणीची पूजा होते, उसाची पहिली मोळी पडते आणि गळीत हंगाम सुरू होतो. मला आज समाजवादाच्या दोन विचारांबद्दल बोलायचं आहे, आणि ते या मोळीपासूनच सुरू करतो.

नीरा डावा कालवा 1885 साली आला. बारामती-इंदापूरच्या जिराईत रानाला पाणी मिळालं, ऊस आला. पुढे वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर वसवलं. ज्यांनी जमिनी खंडानं दिल्या, ते शेतकरी खंडकरी झाले. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर त्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या. धनी बदलला, खंडकरी बरीच वर्षं खंडकरीच राहिला.

वालचंदनगर म्हटलं की मला स्कॉटलंडमधलं असंच गिरणीभोवतीचं गाव, न्यू लॅनार्क, आठवतं. तिथल्या सूतगिरणीत मालक रॉबर्ट ओवेननं दहा वर्षांखालची मुलं कामाला घेणं थांबवलं आणि 1816 साली कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. चांगलं उदाहरण घालून दिलं की धनिकांचंही मन वळेल, ही त्याची श्रद्धा. मार्क्सचा साथी एंगल्स यानं या विचाराला स्वप्नाळू समाजवाद म्हटलं. मला मात्र ओवेनबद्दल आदरच वाटतो. ती शाळा स्वप्नातली नव्हती.

ओवेनच्या विचारांवर वाढलेल्या लोकांनी 1844 साली रॉचडेलला सहकारी दुकान काढलं. आपल्याकडे प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि नीरेकाठीही शेतकऱ्यांनी शेअर घेऊन आपले कारखाने काढले. दहा एकरवाला असो की एका एकराचा, सभासदाला मत एकच. कोरडवाहू बापाचा मुलगा कारखान्याचा मालक झाला, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा विचार मार्क्सचा. त्यानं सहकाराला नावं ठेवली असं पुष्कळांना वाटतं. पण 1864 साली लंडनमध्ये लिहिलेल्या निवेदनात त्यानं सहकारी गिरण्यांचं मनापासून कौतुक केलं होतं. धन्यावाचून मोठं उत्पादन चालतं, हे त्या गिरण्यांनी दाखवलं होतं. पण राज्यसत्ता कष्टकऱ्यांच्या हाती आल्याशिवाय सहकार मूठभरांपुरताच राहील, असंही त्यानं बजावलं. शिवाय त्याच्या डोळ्यांसमोर होत्या त्या गिरण्यांत राबणाराच मालक होता. आपल्याकडे मालक आहे तो ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा सभासद नाही.

तो बीडकडून येतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे थंडीत फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. पोरं कोपीपाशी. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, ते ओवेनचंच काम. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यावेत, असं सरकारनं ठरवलं, तेही त्याच वाटेवरचं. दोन्ही हवंच आहे. साखरशाळेत एक पोर जरी बसलं, तरी मला ते मोलाचं वाटतं.

पण उचल किती, तोडणीचा दर किती, हे ठरवणाऱ्या बैठकीत त्या पोराच्या आईला बसायला जागा आहे का? ती वर्षानुवर्षं याच फडांत येते. ज्या कारखान्याची ती मोळी बांधते, त्याचा एक शेअर तिच्या नावावर का असू नये? येत्या वार्षिक सभेत हा प्रश्न एखाद्या सभासदानं उभं राहून विचारावा, अशी माझी विनंती आहे.