मला एकट्यालाच येतं ते

घरातला पहिला इंजिनिअर मी. नोकरी जाईल ही धास्ती कायम. आमचा एक सर्व्हर दर महिन्याला बंद पडायचा. तो चालू कसा करायचा हे मी रात्री जागून शोधलं आणि कुणालाच सांगितलं नाही. वाटलं, हे मला एकट्यालाच येतं तोवर नोकरी पक्की. झालं उलटंच. तीन वर्षं तिथेच अडकलो. नवं काम आलं की साहेब म्हणायचे, ‘तू नको, तू इथेच लागतोस.’

पुढे ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. १९८०च्या दशकात तो झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत फिरला. कंपनीचं मॅन्युअल होतंच, पण अवघड बिघाडांचा उलगडा व्हायचा तो जेवताखाताना, एकमेकांचे किस्से ऐकत. नंतर कंपनीने अशा युक्त्या साठवणारी ‘युरेका’ प्रणाली उभारली. युक्ती आधी दुसरे तंत्रज्ञ तपासायचे, मग ती देणाऱ्याच्या नावासह सगळ्यांपर्यंत जायची. नाव राहायचं, हे मला फार आवडलं.

मग मी तो सर्व्हर एका ज्युनिअर मुलीला समजावला. अर्ध्या तासात तिने विचारलं, ‘सर, पण हा दर महिन्यालाच का पडतो?’ तीन वर्षांत मला हा प्रश्न पडलाच नव्हता! जुन्या लॉग फाइल्सनी डिस्क भरत होती. तिने चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. सर्व्हर परत पडला नाही आणि मला नवा प्रोजेक्ट मिळाला. स्क्रिप्टवर नाव तिचंच आहे.