ठिपक्यावरचं गाव

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही ठरवून टाकला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. सगळ्यांच्या मुलांना उपयोग होईल." मी म्हटलं, मुलांचं चहाच्या वेळी बघू, मला एका गावाबद्दल बोलायचंय. गाव अमेरिकेत आहे, पण त्याची सुरुवात आपल्या नववीच्या वर्गात झाली.

भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्हाला आठवत नसेल. नकाशा भरताना मी लक्षद्वीपचे ठिपके द्यायला विसरले होते. तुम्ही अर्धा गुण कापलात आणि पेपर परत देताना सगळ्या वर्गासमोर विचारलंत, "का गं, तिथे माणसं राहत नाहीत?" तेव्हापासून कुठलाही नकाशा समोर आला की मी आधी ठिपके बघते.

फ्लोरिडाच्या नकाशात खाली समुद्रात अशीच ठिपक्यांची एक ओळ आहे, माळ तुटून मणी सांडल्यासारखी. तिचा रस्त्यानं गाठता येणारा शेवटचा मणी म्हणजे की वेस्ट. चार मैल लांब, मैल-दीड मैल रुंद. आमच्या तिकडच्या महाराष्ट्र मंडळात सातआठ जणांचा एक भटका कंपू आहे, आम्ही वर्षातून एकदा असं एखादं गाव गाठतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत की वेस्ट ठरलं.

आणि निघायच्या बावीस दिवस आधी माझी नोकरी गेली.

चौदा वर्षं एका कंपनीत होते. व्हिडिओ कॉल दहा मिनिटांचा झाला. संपेपर्यंत माझा पासवर्डही बंद झाला होता. माझा व्हिसा नोकरीवरचा. म्हणजे साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसाही माझ्याच व्हिसाला बांधलेला. मुलगी तेव्हा दहावीत. नवरा सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं. सहल रद्द करावी म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. तेवढ्यासाठी गेले, हे खरं कारण आहे. हौस वगैरे नव्हती.

कंपूतले मुख्य पात्र म्हणजे काका. सोलापूरचे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आता मुलाकडे राहतात. खर्चाची वही त्यांच्याकडे असते. दुसरं म्हणजे वाटेतली एकही माहितीची पाटी ते न वाचता सोडत नाहीत, आणि वाचतात ती मोठ्यानं, लगेच मराठी करून. व्हॅनमध्ये भाकरवडीचा पुडा फिरत होता आणि काका रस्त्याचा इतिहास वाचत होते.

रस्ता ऐकण्यासारखाच आहे. बेटांवरून जाणारा हा महामार्ग 113 मैलांचा, त्यात 42 पूल. एक पूल जवळजवळ सात मैल लांब आहे, दोन्ही बाजूंना फक्त पाणी. त्याच्या शेजारून एक जुना, रिकामा पूल बरोबर चालतो. तो रेल्वेचा. हेन्री फ्लॅगलर नावाच्या तेलसम्राटानं 1905 साली समुद्रावरून रेल्वे न्यायचं काम काढलं. लोक त्याला वेडा म्हणत होते. जानेवारी 1912 मध्ये तो स्वतः गाडीत बसून की वेस्टला उतरला, तेव्हा 82 वर्षांचा होता. आणि 2 सप्टेंबर 1935 च्या चक्रीवादळानं ती रेल्वे मोडून टाकली. चारशेच्या वर माणसं गेली. त्यांत पहिल्या महायुद्धातून परतलेले कितीतरी सैनिक होते, रस्त्याच्या कामावर लागलेले. त्यांना आणायला पाठवलेल्या गाडीचे डबे पाण्याच्या लोंढ्यानं उलटले, नुसतं इंजिन उभं राहिलं. उरलेल्या पुलांवरून सरकारनं 1938 साली मोटारीचा रस्ता सुरू केला.

तो रस्ता जिथे संपतो तिथे शून्य मैलाची हिरवी पाटी आहे. नागपूरचा झीरो माइल पाहिलेल्यांना कौतुक वाटणार नाही, पण तिथे फोटोला रांग असते. त्याहून मोठी रांग "दक्षिण टोका"पाशी. तिथे 1983 साली सिमेंटचा एक भलाथोरला रंगीत ढोल बसवलाय. अमेरिकेच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक, क्यूबा 90 मैल, असं त्यावर लिहिलंय. गंमत म्हणजे त्याच बेटावर त्याच्याही दक्षिणेला जमीन आहे, पण ती नौदलाची, आत सोडत नाहीत. बाई, मी तिथे उभ्या उभ्या अक्षांश बघितला. साडेचोवीस. म्हणजे अमेरिकेचं हे दक्षिण टोक आपल्या नंदुरबारच्याच काय, भोपाळच्याही उत्तरेला! काका म्हणाले, "म्हणजे आपण सोलापूरहून उत्तरेतच आलो म्हणायचं."

गाव चक्रम आहे. कोंबड्या रस्त्यानं मोकाट फिरतात, हॉटेलात टेबलाखाली येतात, त्यांना धक्का लावायचा नाही असा नियम आहे. आपल्याकडे कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात. तिथली कोंबडी दुपारी दोनलाही उजाडलं म्हणून सांगतात. हेमिंग्वेच्या घरात पन्नास-साठ मांजरं आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पंजाला सहा-सहा बोटं. हेमिंग्वे 1931 ते 1939 या काळात तिथे राहिला. मांजरांचे फोटो तुम्ही नेटवर बघा, वेळ त्यात घालवत नाही. मला त्या घरातली वेगळी गोष्ट लक्षात राहिली. ते 1851 साली बांधलं एका अशा माणसानं, ज्याचा पैसा फुटलेल्या जहाजांतून आला होता.

हा त्या गावाचा पहिला धंदा. समोर प्रवाळाचे खडक, त्यावर जहाजं आपटायची. गावात उंच मनोरे बांधलेले, तिथून टेहळणी. जहाज फुटल्याची आरोळी आली की होड्या सुटायच्या. जो कप्तान पहिला पोहोचेल तो त्या कामाचा मुख्य. आधी माणसं वाचवायची, मग माल. कुणाला किती वाटा हे ठरवायला 1828 साली गावात न्यायालय आलं. इतकं सगळं शिस्तीत. त्या पैशावर हे खेडं श्रीमंत झालं. मग खडकांवर दीपगृहं उभी राहिली, आगबोटी आल्या, जहाजं फुटेनाशी झाली. जगाच्या दृष्टीनं फार चांगलं झालं, गावाचा धंदा बसला.

दुसरा धंदा सिगारचा. क्यूबात 1868 साली स्पेनविरुद्ध लढा पेटला आणि तिथले सिगार वळणारे कारागीर हजारोंनी इकडे आले. डुव्हाल स्ट्रीट नावाच्या मुख्य रस्त्यावर सॅन कार्लोस नावाची त्यांची संस्था आहे, 1871 ची. क्यूबाचा होसे मार्ती तिथे भाषण करून गेलाय. तिथल्या एका वयस्क बाईंनी आम्हाला सांगितलं, की कारखान्यात उंच ओट्यावर एक माणूस बसायचा, त्याला "लेक्तोर" म्हणत. त्यानं दिवसभर मोठ्यानं वाचायचं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. खाली शेकडो माणसं सिगार वळताहेत आणि ऐकताहेत. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत.

काका एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्याकडे घरोघर बायका विड्या वळायच्या. बँकेत अंगठा उठवायला यायच्या. त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही."

पुढे 1886 साली गावात मोठी आग लागली, बडे कारखानदार टँपाला गेले. आणि त्या टँपात 1931 साली मालकांनी वाचक काढून टाकले, त्यांच्या जागी रेडिओ लावले. बाई हे सहज सांगत होत्या. मी विचारलं, "मग त्या वाचकांनी काय केलं?" त्या म्हणाल्या, "ज्याला जे जमलं ते."

मला तिथे उभं राहवेना. बाहेर येऊन पायरीवर बसले. सगळे मागोमाग आले, ऊन लागलं का विचारायला लागले. आमच्यातल्या नर्स ताईंनी तर नाडीच धरली. तेव्हा मी सांगून टाकलं. बावीस दिवस, अडतीस उरलेत.

कुणी "होईल गं सगळं ठीक" म्हटलं असतं तर मी रडले असते. काकांनी वही काढली. म्हणाले, "तुझा सहलीचा हिस्सा कर्ज खात्यात टाकतो. चार समान हप्ते, नोकरी लागल्यावर सुरू. पण जामीनदार दोन लागतील." सहा हात वर झाले. काकांनी खरंच दोघांच्या सह्या घेतल्या. सवयच ती.

संध्याकाळी दफनभूमीत गेलो. कुणाला विचित्र वाटेल, पण कंपूचा तो नेम आहे. 1846 च्या वादळात किनाऱ्याजवळची जुनी दफनभूमी वाहून गेली, शवपेट्या बाहेर आल्या, म्हणून पुढच्या वर्षी ही आत, जरा उंचावर केली. उंचावर म्हणजे काय, गावातला सर्वांत उंच भागच जेमतेम अठरा फूट! पुष्कळ थडगी जमिनीच्या वर, कप्प्यांसारखी. एका बाईच्या फरशीवर कोरलंय, "मी आजारी आहे असं सांगत होते ना!" आम्ही इतके हसलो की एक कोंबडा उडून पळाला.

1934 साली हे गाव चक्क दिवाळखोर झालं. जहाजं गेलेली, सिगार गेलेली, स्पंजचा धंदाही गेलेला, बहुतेक घरं सरकारी मदतीवर. नगरपालिकेनं हात वर केले आणि कारभार सरकारी मदत खात्याच्या हाती आला. काकांना यात भलताच रस. त्यांना अशी खाती माहीत. त्या खात्याच्या अधिकाऱ्यानं, ज्यूलियस स्टोन त्याचं नाव, ठरवलं की आता विकायला उरलंय ते ऊन आणि समुद्र. लोकांनी बिनपगारी श्रमदान करून किनारे साफ केले, घरं रंगवली, चित्रकार बोलावून गावाची चित्रं काढून घेतली. गोडं पाणी नव्हतं, छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवायचे, आपल्या किल्ल्यांवर असायची तशी टाकी. समुद्रावरून 130 मैलांची जलवाहिनी आली ती थेट 1942 मध्ये, नौदलामुळे. दिवाळखोरीच्या पुढच्याच वर्षी रेल्वेही वाहून गेली, ते आधी सांगितलंच. म्हणजे पाहुण्यांसाठी घर रंगवून झालं आणि पाहुण्यांची वाटच तुटली. तरी ते तिथेच राहिले.

शेवटची गोष्ट सांगते, संयोजक घड्याळ दाखवताहेत. एप्रिल 1982 मध्ये सीमा पोलिसांनी बेटांकडे जाणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर नाकाबंदी केली. घुसखोर आणि अमली पदार्थ शोधण्यासाठी येणारी प्रत्येक गाडी तपासायची. सतरा मैल रांग लागली, पर्यटक फिरकेनात. महापौर डेनिस वॉर्डलो मायामीच्या न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली नाही. मग 23 एप्रिलला त्यांनी जाहीर केलं: आम्हाला परदेशी समजता ना, मग आम्ही वेगळा देश. नाव कॉंक रिपब्लिक, म्हणजे शंखांचं प्रजासत्ताक. तिथे जन्मलेल्यांना शंखच म्हणतात. लगेच अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. नौदलाच्या गणवेशातल्या एकाच्या डोक्यात शिळा क्यूबन पाव मारला, एका मिनिटात शरणागती पत्करली आणि युद्धात हरलेला देश म्हणून शंभर कोटी डॉलरची मदत मागितली! मदत नाही मिळाली, पण नाकाबंदी उठली. झेंडा अजून फडकतो. सरकारच्या नावानं शंख करणं आपण आयुष्यभर करतो, पण त्याचं प्रजासत्ताक करावं हे आपल्याला सुचलं नाही.

रोज संध्याकाळी सगळं गाव मॅलरी चौकात धक्क्यावर जमतं. डोंबारी, गाणारे, सरबतवाले. सूर्य समुद्रात बुडाला की लोक टाळ्या वाजवतात. नाटकाचा पडदा पडल्यावर वाजवतात तशा, मनापासून. पहिल्या दिवशी मला ते वेडगळ वाटलं. दुसऱ्या दिवशी मीही वाजवल्या. काका म्हणाले, "उद्या परत येणार त्याला कशाला टाळ्या?" आणि तेही वाजवत होते.

नोकरी एकावन्नाव्या दिवशी लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे, कंपनी छोटी आहे, लोक बरे आहेत. तेव्हा ज्यांनी मला सकाळपासून विचारलं की एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार का, त्यांनी ज्योतिषाकडे जावं.

काकांचे तीन हप्ते फिटले, चौथा बाकी आहे. कर्ज बिनव्याजी समजत होते, पण वहीत बारीक अक्षरात अट निघाली: व्याजापोटी दोन किलो सोलापुरी शेंगाचटणी, भारतातून आणलेली, दुकानातली चालणार नाही. माझं विमान परवा आहे. आपल्या बॅचपैकी कुणी सोलापूरकडचं असेल, किंवा कुणाच्या सासरी घरची चटणी कुटत असतील, तर कृपा करून चहाच्या वेळी मला गाठा.