लेहपर्यंत न पोहोचलेला प्रवास
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचे नाव ‘मोटारसायकलवरून लेहपर्यंत’ असे छापले आहे. त्यात आरंभीच एक दुरुस्ती करावयास हवी. मी लेहपर्यंत पोहोचलोच नाही. लेहच्या अलीकडे सुमारे अडीचशे किलोमीटरवर सरचू नावाचा एक पडाव आहे, तेथून मी परत फिरलो. तेव्हा लेह कसे आहे, असे कोणी विचारू नये. ते मी तुमच्याइतकेच चित्रांत पाहिले आहे.

हा प्रवास २०२२ च्या उन्हाळी सुट्टीतला. बरोबर माझा भाचा होता. वय एकोणीस, याच शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला, तेव्हा डिप्लोमाच्या वर्गात. घरी तो मला मामू म्हणतो आणि शाळेत सर म्हणत असे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

गाडी म्हणाल तर माझी रोजचीच, दीडशे सीसीची, आठ वर्षे वापरलेली. कुंभार्ली आणि आंबा घाट तिने कित्येकदा चढले होते, त्यामुळे घाटाची आपल्याला सवय आहे, अशी आमची समजूत. मुंबईहून रेल्वेच्या पार्सलने ती चंडीगडला पाठविली. टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून, गाडी गोणपाटात शिवून द्यावी लागते. हँडलला पट्टी बांधून पाठविलेली ती गाडी मला एखाद्या रुग्णासारखी दिसली होती. सामानात जादा ट्यूब, क्लचची केबल, दोन स्पार्क प्लग, पान्यांचा संच, असे सगळे होते. गाडीला काय होऊ शकेल याचा आम्ही महिनाभर विचार केला होता. माणसाला काय होऊ शकेल याविषयी एका माहितीपत्रकावर नजर टाकली होती, तेवढीच.

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. तेथून लाहौलच्या खोऱ्यात उतरायचे तर पूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि हिवाळ्यात ती बंद झाली की पलीकडची माणसे महिनोन्‌महिने अडकून पडत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तेथील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. आत शिरताना देवदाराची हिरवी झाडी आणि बाहेर पडताना उघडे, तपकिरी डोंगर. पंधरा मिनिटांत जणू प्रांत बदलतो. या बोगद्याने लाहौलच्या लोकांचे फार भले केले. आमच्यासारख्यांचे थोडे नुकसानही केले. रोहतांगचा चढ माणसाला दमवून सावध करीत असे, आता ती सूचना मिळत नाही.

पुढे तांदी येथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या एकत्र होतात. संगमानंतर त्या नदीला चंद्रभागा म्हणतात. पंढरपूरची भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला आपण चंद्रभागा म्हणतो; ही मात्र खरोखरच चंद्रा अधिक भागा. आणि हीच पुढे चिनाब होते, लोककथेतली सोहनी जिच्यात बुडाली ती. इतिहास-भूगोल शिकविणाऱ्या माणसाला अशा जागी गाडी थांबवावीशी वाटते. मी पुलावर थांबून भाच्याला पाठ दिला. तो हसत ऐकत होता. तांदीच्या पेट्रोल पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षे प्रसिद्ध होती. आम्ही टाकी भरून पाच-पाच लिटरचे दोन कॅनही भरून घेतले.

त्या रात्री जिस्पाला मुक्काम केला. उंची सुमारे ३,२०० मीटर. आपल्या सह्याद्रीचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे आम्ही झोपलो होतो ते ठिकाण कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. आपल्याकडच्या कोणत्याही घाटात विरळ हवेचा त्रास होत नाही, त्यामुळे आपल्या बोलण्यात त्यासाठी साधा रूढ शब्दही नाही. भाचा म्हणाला, “जरा डोकं जड झालंय.” मी म्हणालो, “उन्हाने झालं असेल. आणि हे बघ, इथून पुढे आजारी पडायला जागा नाही हं!” थट्टेतच म्हणालो. पण तो गप्प झाला, आणि त्यानंतर डोक्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. खरे सांगायचे तर माझेही डोके दुखत होते. तेही मी त्याला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी दारचा, पत्सियो, झिंगझिंगबार करीत बारालाचा खिंडीकडे चढू लागलो. रस्ता कोठे गुळगुळीत, कोठे नुसती खडी. बर्फ वितळून आलेले नाले सरळ रस्त्यावरून वाहतात. सकाळी त्यांत घोटाभर पाणी असते, आणि दुपारच्या उन्हाने तेच गुडघ्याच्या वर येते. म्हणून तेथे पहाटे निघावे, असे जाणकार सांगतात. आम्ही निघालो साडेनऊला. चहा, फोटो आणि माझे व्याख्यान! नाल्यातले गोटे दिसत नाहीत, पाय टेकावा तर बुटात बर्फाचे पाणी. पहिल्या गियरमध्ये, क्लच अर्धा धरून, दगडावरून दगडावर.

त्यात गाडीला दम लागलेला. आमची गाडी कार्बोरेटरची. विरळ हवेत पेट्रोल तेवढेच येते आणि हवा कमी पडते. मिश्रण बिघडते, इंजिन गुदमरते. बारालाचावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, पण एका श्वासात येणारी हवाच कमी. (आमचे विज्ञानाचे सहकारी समोर बसले आहेत, चुकल्यास त्यांनी नंतर कान धरावा.) दोघांचे ओझे गाडी ओढीना, तेव्हा चढावर मी भाच्याला उतरवून चालत यावयास सांगू लागलो. असे पाच-सहा वेळा झाले. गाडीचा दम मला ऐकू येत होता. त्याचा दम हेल्मेटच्या आत होता.

खिंडीच्या अलीकडे सूरजताल लागते. भागा नदी येथेच उगम पावते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते तळे निम्मे गोठलेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती, मध्ये एक काळी ओली पट्टी, आणि वर असे निळे आकाश की निळा म्हणजे काय ते आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत. ४,८९० मीटर उंचीवर मी भाच्याचा फोटो काढला. तो आजही माझ्याजवळ आहे. त्यात तो हसतो आहे; ओठ काळसर दिसतात. तेव्हा मला त्यात थंडीच दिसली.

सरचूला पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. उंची सुमारे ४,२९० मीटर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा नियम आहे. आम्ही हजाराहून अधिक वाढविली होती. नियम माहितीपत्रकात होता, आणि माहितीपत्रक पिशवीच्या तळाशी होते.

जेवणाच्या वेळी तो म्हणाला, “पोट भरलंय, सर.” मी ऐकले, पण ‘सर’ हा शब्द त्या रात्री उशिरा मला टोचला. दिवसभर तो मामू म्हणत होता.

पहाटे तीनच्या सुमारास तो तंबूबाहेर जावयास उठला आणि तंबूच्या दोरीत अडखळून पडला. उचलले, तर पुन्हा झुकला. मी विजेरी पेटविली आणि, मित्रहो, मैदानावर कवायत घेतो त्याप्रमाणे त्याला म्हणालो, “एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून सरळ रेषेत चाल.” तिसऱ्या पावलाला तो बाजूला कोसळला. माहितीपत्रकातली एवढी एक गोष्ट मला आठवत होती : डोकेदुखी आणि मळमळ पुष्कळांना होते, पण तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूला किंवा फुप्फुसाला धोका आहे असे समजावे, आणि त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे.

त्याचे जॅकेट सावरताना खिशातून गोळ्यांची पट्टी पडली. दहापैकी आठ घरे रिकामी होती. जिस्पापासून तो वेदनाशामक गोळ्या घेत होता. त्यांनी डोके दुखावयाचे थांबते, आजार आतल्या आत वाढत राहतो. मी विचारले, “मला का नाही सांगितलंस?” जीभ जड झालेली, तरी त्याने उत्तर दिले. “सर, तुम्ही म्हणाल, कारणं सांगतोय.”

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना हे वाक्य ओळखीचे आहे. नववीत असताना कवायतीच्या तासाला याच मुलाने पोटात दुखते म्हणून सांगितले होते. “कारणं सांगू नकोस,” असे म्हणून मी त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या मारावयास लावल्या होत्या. मी ते विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

सरचूची अडचण अशी की, तेथून उतरावयाचे तर आधी चढावे लागते. लेहच्या बाजूला नकीला, आणि त्याच्यापुढे पाच हजार मीटरच्या वरची लाचुंगला. मागे बारालाचा. तंबूचा मालक लाहौलचाच. त्याने प्राणवायूचे छोटे नळकांडे आणून भाच्याच्या तोंडाला लावले आणि सांगितले, मागे जा, एकच खिंड आहे, तिच्यापलीकडे उतारच उतार. फोनला रेंज नव्हती. साडेचारला मनालीकडे परतणारा एक रिकामा ट्रक त्याने थांबविला. ड्रायव्हर पंजाबी. त्याने भाच्याकडे एकदा पाहिले आणि एवढेच म्हणाला, “गल्लां बाद में, पहले नीचे.” त्याला केबिनमध्ये बसविले. तिसऱ्याला जागा नव्हती, आणि गाडी सोडून जाण्याचे मला सुचले नाही असे नव्हे, पण उतरल्यावर धावपळ करावयास वाहन लागेल, असे ड्रायव्हरचे मत पडले.

मी ट्रकच्या मागे निघालो. रस्त्यावर रात्रीचे पाणी गोठून काच झाली होती. दोनदा पडलो. डाव्या गुडघ्याची खूण अजून आहे. क्लीनरशी माझे ठरले होते की, मुलगा बोलतो आहे तोवर प्रत्येक वळणावर त्याने खिडकीतून हात हलवावयाचा. बारालाचाच्या शेवटच्या चढावर दोन वळणे गेली आणि हात बाहेर आला नाही. इतका वेळ मी गाडी चालवीत होतो. त्या दोन वळणांत काय चालवीत होतो, मला ठाऊक नाही. तिसऱ्या वळणावर हात दिसला. क्लीनरला डुलकी लागली होती.

दारचा ३,३६० मीटरवर आहे. ट्रक एका ढाब्यापाशी थांबला. मी केबिनचे दार उघडले. भाचा बसलेला होता, चेहरा सुजलेला, डोळे लाल. म्हणाला, “मामू, भूक लागली.” त्याने राजमा-चावलची दीड ताटे संपविली. ड्रायव्हरने जेवणाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

केलाँगच्या रुग्णालयात डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतले. त्यांनी मला विचारले की, मनालीपासून कोठे कोठे आणि किती उंचीवर झोपलात? मी सांगितले. त्यांनी कागदावर आकडे मांडले आणि माझ्याकडे पाहिले. मी शिक्षक आहे हे मी त्यांना सांगितले नाही.

तेथून आपाला फोन लावला. ती माझी मोठी बहीण, त्या मुलाची आई. सगळे सांगितले, मैदानाच्या दोन फेऱ्यांसकट. मला वाटले ती रागावेल, रडेल. ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग विचारले, “त्याने सांगितलं, की तुला दिसलं?”

मी म्हणालो, “दिसलं.”

ती म्हणाली, “मलाही कधी सांगत नाही. मी म्हटलं, तुला तरी सांगत असेल.”

आपा आज पालकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे सर्व बोलण्यापूर्वी मी तिची आणि भाच्याची, दोघांचीही परवानगी घेतली आहे.