तोंडापेक्षा हात बोलके



मघाशी ओळख करून देताना 'सरांचा लोकसंग्रह मोठा' असं सांगितलं गेलं. मला हसू आलं. घरी मला सगळे 'घुम्या' म्हणायचे. आजही इथून उतरल्यावर तासभर मी कोणाशी बोलणार नाही. राग नसतो हो, विहीर उपसल्यावर पाणी चढायला वेळ लागतो, इतकंच.

आपल्या खानदेशात माणसं टाळायची सोय नाही. श्रावणात कानबाईच्या सणाला रोट खायला सगळी भावकी, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वयात मी डोकं दुखतंय म्हणून घरी बसायचो. पुढे दोन हिवाळे बोलावणंच आलं नाही, तेव्हा मात्र घरात करमेना. तिसऱ्या वर्षी आपणहून गेलो आणि जाळाजवळ वांगी सोलायला बसलो. शेजारी चुलतकाका. दोघांचे हात कामात, अधूनमधून एखादं वाक्य. दहा लग्नांच्या पंगतीत न कळलेला काका त्या संध्याकाळी कळला.

साने गुरुजीही असेच. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. स्वभाव संकोची. छात्रालयातल्या मुलांचा पसारा ते न बोलता आवरून ठेवत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून, असे १८ रविवार विनोबा गीतेवर बोलले. तिथेच कैदेत असलेल्या गुरुजींनी ते ऐकलं, उतरवून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. पुतणी सुधावरची मायाही त्यांनी पत्रांतून व्यक्त केली. त्यांचा जिव्हाळा मुलांना कळला तो असा, हातांतून.

म्हणून सांगतो, रोज शंभर जणांना 'गुड मॉर्निंग' पाठवू नका. एकालाच, त्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री, दोन ओळी लिहा. लग्नात गप्पा जमत नसतील तर वाढायला उभे राहा. थकलात की निघा, पण सांगून निघा: "काका, येतो. रविवारी घरी चक्कर मारतो." आणि रविवारी खरंच जा. न सांगता गेलेला माणूस मागच्यांना रुसलेला वाटतो.

आणि बोलक्यांनो, शेजारचा मुकाट बसला तर "काय भो, गप का?" विचारू नका. त्याच्या हातात चार वांगी द्या.

आता तुमचे नाच पाहतो. जेवणाच्या गर्दीआधी मी निघेन. प्राचार्यांना आत्ताच सांगून ठेवतो, रुसलेलो नाही.