कॅलिपर ठेवण्याआधी

कृत्रिम बुद्धिमत्तेवर परिषद भरवली असती तर सभागृह अधिक भरले असते, हे स्वागत समितीला ठाऊक आहे. तरीही तिने पडद्याच्या विंडोचा विषय निवडला, कारण रिपोर्टमधला मिलिमीटर तिथेच ठरतो.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेद टिपले. त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर असते. यंत्र सहसा ४०९६ पातळ्या नोंदवते, पडद्यावर बहुधा २५६ करड्या छटाच उमटतात. म्हणून मोजपट्टीचा एखादाच पट्टा निवडून दाखवावा लागतो. त्या पट्ट्याची रुंदी आणि मध्य म्हणजे विंडो.

मुतखड्याचे उदाहरण घ्यावे. खडा १००० हाउन्सफिल्डचा आणि भोवतालचा भाग ४० चा असेल, तर कडेवर आकडा एकदम कोसळत नाही, उतरत जातो. खरी कडा साधारण मध्यावर, म्हणजे ५२० जवळ धरतात. रुंदी ४०० आणि मध्य ४० अशी रोजची सॉफ्ट टिश्यू विंडो लावली की २४० च्या वरचे सारे पांढरेशुभ्र! कडेबाहेरची धूसर झालर खड्यात जमा होते आणि खडा फुगतो. हाडांच्या विंडोत तो पुन्हा आक्रसतो. मूत्रवाहिनीतला खडा आपोआप पडण्याची वाट पाहायची की नाही, हे ठरवताना १० मिलिमीटरची रेषा महत्त्वाची असते. तिथे ही झालर महागात पडते.

गंमत अशी, की हीच सॉफ्ट टिश्यू विंडो फुप्फुसातली गाठ लहान दाखवते. तिथे भोवताली हवा असल्याने कडेचा मध्य उणे ४०० च्या आसपास असतो आणि या विंडोत तो काळ्यात बुडतो. काचेसारखा धुरकट भाग तर दिसेनासाच होतो. म्हणून फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या सूचना अशा गाठी फुप्फुसाच्या म्हणजे लंग विंडोत मोजायला सांगतात. पाठपुराव्यासाठी त्यांचा उंबरठा ६ मिलिमीटरचा आहे. ५ च्या जागी ६ मोजले गेले, तर गोल गाठीचे घनफळ ७३ टक्क्यांनी वाढल्यासारखे वाटते. रुग्णाच्या घरी मात्र ‘गाठ वाढली’ एवढेच पोहोचते.

विंडो बदलल्याने मूळ आकडे बदलत नाहीत. निवडलेल्या भागाची सरासरी घनता तीच राहते. फसते ती डोळ्याने ठरवलेली कडा.

यजमान म्हणून समितीची एकच विनंती आहे: रिपोर्टमध्ये मापाशेजारी विंडो आणि छेदाची जाडी लिहावी आणि जुन्या स्कॅनशी तुलना करताना दोन्ही स्कॅन एकाच विंडोत उघडून मोजावेत.